पुढच्या मोसमात परत येणारी मुलं

मुलांना खेळ शिकवणाऱ्या मार्गदर्शकाला ‘तुम्ही मुलांना प्रोत्साहन देता का?’ असं विचारलं, तर ‘नाही’ म्हणणारा शोधून सापडायचा नाही. सुटलेल्या झेलावर ‘डोळे कुठे होते तुझे?’ असं सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडणाऱ्या सरांनाही आपण मुलाच्या भल्यासाठीच बोललो याची खात्री असते. दिवसभरात दिलेल्या शाबासक्या त्यांच्या खात्यात चोख जमा झालेल्या असतात. ओरडण्याची नोंद तेवढी राहून जाते. त्यामुळे प्रोत्साहनाविषयीची चर्चा आपल्याकडे सुरू होताच संपते. उन्हाळी शिबिराच्या उद्घाटनाला पाहुणे त्यावर बोलतात, पालक टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मैदानावर जे चालायचं ते तसंच चालतं. प्रोत्साहन द्यावं याबद्दल वाद नाहीच. वाद घालण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: मूल चुकतं त्या क्षणी मार्गदर्शकाच्या तोंडून नेमकं काय निघतं आणि ते मूल पुढे खेळत राहण्याशी त्याचा काही संबंध असतो का? हे ठरवण्याचं काम मार्गदर्शकाच्या स्मरणशक्तीवर सोपवून भागत नाही. कुणीतरी बाहेर बसून मोजायला हवं.

असं मोजण्याचं काम १९७०च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी केलं. त्यांनी निवडला तो लिटल लीग बेसबॉल, म्हणजे वस्तीतल्या मुलांच्या संघांच्या स्पर्धा. तिथले मार्गदर्शक पगारी नसतात. बहुतेक वेळा संघातल्याच एखाद्या मुलाचे वडील आपलं काम सांभाळून ही जबाबदारी घेतात. स्मिथ आणि स्मॉल यांनी मार्गदर्शकाच्या मैदानावरच्या वागण्याचे बारा प्रकार ठरवले. चांगल्या खेळाला दाद देणं, दाद द्यायचं राहून जाणं, चुकीनंतर धीर देणं, चुकीनंतर तंत्र समजावणं, चुकीबद्दल शिक्षा करणं, तंत्र सांगता सांगता अपमान करणं, चुकीकडे काणाडोळा करणं असे ते प्रकार होते. मग प्रशिक्षित निरीक्षक कडेला बसून प्रत्येक कृतीची नोंद करू लागले. ५१ मार्गदर्शक, २०२ सामने आणि ५७ हजारांहून जास्त नोंदी जमल्या. मोसम संपल्यावर ५४२ मुलांना त्यांच्या मार्गदर्शकाविषयी विचारण्यात आलं आणि मार्गदर्शकांनाही ‘तुम्ही कसे वागता?’ असं विचारण्यात आलं. मार्गदर्शकांची स्वतःविषयीची समजूत आणि प्रत्यक्ष नोंदी यांचा मेळ जवळजवळ बसलाच नाही. मुलांनी केलेलं वर्णन नोंदींच्या पुष्कळ जवळ जाणारं होतं. या पोरांनी आपल्या सरांना सरांपेक्षा जास्त अचूक ओळखलं होतं.

मुलांना कोण आवडले? चांगला खेळ आणि मेहनत या दोन्हींना दाद देणारे, चुकीनंतर धीर देणारे आणि काय बदलायचं ते सांगणारे मार्गदर्शक. यात धक्कादायक काही नाही. दोन गोष्टी मात्र जपून ठेवण्यासारख्या आहेत. पहिली म्हणजे, शिक्षा आणि टाकून बोलणं यांचं प्रमाण एकूण नोंदींत फार थोडं, शेकडा तीनच्या आसपास होतं; पण मुलांच्या मनातल्या मताशी सर्वांत घट्ट नातं या थोड्या नोंदींचंच निघालं. सत्त्याण्णव वेळा नीट वागणाऱ्याला उरलेल्या तीन वेळांनी मागे खेचलं. दुसरी गोष्ट हार-जितीची. संघ किती सामने जिंकला याचा मुलांना मार्गदर्शक आवडण्याशी संबंध दिसला नाही. पण जिंकणाऱ्या संघातल्या मुलांना असं वाटत होतं की सरांचं आपल्यावर जास्त प्रेम आहे आणि आपल्या आईवडिलांनाही आपले सर जास्त आवडतात. जिंकणं कुणाला महत्त्वाचं वाटतं हे मुलांनी कुणी न सांगताच हेरलं होतं.

यापुढचं पाऊल म्हणजे प्रयोग. मार्गदर्शकांच्या एका गटाला जेमतेम अडीच तासांचं प्रशिक्षण द्यायचं, दुसऱ्या गटाला नेहमीसारखं काम करू द्यायचं आणि मोसमाअखेर तुलना करायची. प्रशिक्षणात गहन काही नव्हतं: चुकीनंतर काय बोलायचं, शिक्षेऐवजी काय करायचं, दाद कशाला द्यायची आणि सामना झाल्यावर आपल्या वागण्याचा एक छोटा तक्ता प्रामाणिकपणे कसा भरायचा. याच मालिकेतला एक अभ्यास १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुढच्या वर्षी किती मुलं खेळायला परत आली ते पाहिलं गेलं. प्रशिक्षण न घेतलेल्या मार्गदर्शकांच्या संघांतून २६ टक्के मुलं गळाली होती आणि प्रशिक्षण घेतलेल्यांच्या संघांतून ५ टक्के. दोन्ही गटांतल्या संघांच्या हार-जितीत म्हणावा असा फरक नव्हता. अभ्यास लहान होता, जेमतेम अठरा संघांचा, हे विसरू नये. तरीही मुलांच्या मार्गदर्शकाचं काम जोखायला यापेक्षा चांगलं माप माझ्या पाहण्यात नाही. मुलांना प्रोत्साहन मिळालं की नाही हे भाषणावरून कळत नाही, करंडकांच्या कपाटावरून तर नाहीच. गेल्या मोसमातली मुलं या मोसमात परत आली का, यावरून ते कळतं. आणि ती परत यावीत यासाठी मार्गदर्शकाच्या हातात सर्वांत मोठी गोष्ट असते ती म्हणजे चुकीनंतरची काही सेकंदं.

या काही सेकंदांत काय काय घडू शकतं, ते आपल्याच मैदानांवर पाहू. खो-खोत मुलीनं घाईनं खो दिला आणि फाउल झाला. कबड्डीत पोरगा बोनसच्या मोहात पाय लांबवून बसला आणि कोपरारक्षकानं घोटा धरला. क्रिकेटमध्ये लहान चणीच्या फलंदाजानं आडव्या बॅटनं सरळ चेंडू खेळला आणि यष्ट्या उडाल्या. अशा वेळी मार्गदर्शक चूक पाहून न पाहिल्यासारखं करू शकतो. ‘तुला जमायचंच नाही’ म्हणू शकतो. ‘असू दे, पुढची चढाई’ म्हणू शकतो. किंवा ‘तू आत गेलास ते बरोबर, पण पाय टाकण्याआधी कोपऱ्याकडे बघ’ असं सांगू शकतो. या सगळ्यांत सर्वांत फसवा प्रकार मात्र आणखी वेगळा आहे: ‘किती वेळा सांगितलं, डोक्यात शिरत नाही का, आधी कोपरा बघ!’ तंत्र यातही आहे आणि तेही अगदी अचूक. म्हणूनच बोलणाऱ्याला वाटतं की आपण शिकवलं. मुलाला मात्र वाक्याचा पहिला अर्धा भागच ऐकू येतो, कारण तो साऱ्या संघासमोर बोललेला असतो. शिवाय पुढच्या चढाईला त्याचं लक्ष कोपरारक्षकाकडे कमी आणि कडेला उभ्या असलेल्या सरांकडे जास्त राहतं. ‘दहा राउंड मार’ ही शिक्षा तर इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा विचारही कुणी करत नाही. धावणं हा जवळजवळ प्रत्येक खेळाचा पाया; तेच अपराधाबद्दल भोगायला लावायचं आणि मग मुलांना व्यायामाची गोडी लागत नाही अशी तक्रार करायची, यात काही सुसंगती नाही.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. मुलांचं मनोबल राखायचं म्हणजे उठता-बसता कौतुक करायचं, असं अनेकांना वाटतं. पण मोठा मार्गदर्शक प्रत्यक्ष काय करतो याची नोंद ठेवली गेली तेव्हा चित्र वेगळं दिसलं. जॉन वुडन हे अमेरिकेतल्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमधलं सर्वांत मोठं नाव. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला त्यांनी बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून दिली. १९७४-७५च्या, म्हणजे त्यांच्या शेवटच्या मोसमात रोलंड थार्प आणि रोनाल्ड गॅलिमोर या दोन शिक्षणतज्ज्ञांनी सरावसत्रांना बसून त्यांच्या दोन हजारांहून जास्त कृती टिपल्या. निव्वळ कौतुक सातेक टक्के. निव्वळ रागावणंही जवळजवळ तेवढंच. साधारण निम्म्या कृती म्हणजे सरळ सूचना होत्या: काय करायचं, कसं करायचं, केव्हा करायचं. बहुतेक वाक्यं तोकडी, एखादी ओळ, आणि लगेच पुढचा सराव. वुडन यांचे खेळाडू कोवळी मुलं नव्हती, त्यामुळे हे प्रमाण दहा वर्षांच्या पोराला जसंच्या तसं लावता येणार नाही. त्याला ऊब जास्त लागते. पण दिशा तीच आहे. नेमकी सूचना ही स्वतःच एक मोठी दाद असते. ‘मनगट थोडं सैल ठेव’ असं सांगणारा मार्गदर्शक न बोलता आणखी दोन गोष्टी सांगत असतो: मी तुझ्याकडे पाहत होतो आणि तुला हे जमण्यासारखं आहे. ज्याच्यावर आशा नाही त्याला कुणी मनगट सांगत बसत नाही.

नुसत्या कौतुकाची दुसरी बाजूही अभ्यासली गेली आहे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पाचवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. काहींना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, तर काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असं. मग मुद्दाम अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयश चाखवलं. हुशारीचं कौतुक झालेली मुलं त्यानंतर जास्त खचली आणि आपले गुण दुसऱ्यांना सांगताना खोटं बोलण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त निघालं. या विचाराचा पुढे फार गाजावाजा झाला आणि त्याच्या मोठमोठ्या दाव्यांवर नंतर रास्त शंकाही घेतल्या गेल्या. तरी मैदानापुरता त्यातला बोध सहज पटण्यासारखा आहे. आपल्याकडे हल्ली नऊ वर्षांच्या मुलाच्या एका षटकाराकडे पाहून ‘काय टॅलेंट आहे!’ म्हणायची पद्धत पडली आहे. ज्याच्याजवळ टॅलेंट आहे असं जाहीर झालं, त्याला आता प्रत्येक सामन्यात ते शाबूत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. कच्चा फटका घोटत बसायची त्याची हिंमत होत नाही. नेदरलँड्समधल्या एडी ब्रुमेलमन यांचं २०१४मधलं संशोधन याहून टोकदार आहे. मुलांनी काढलेल्या चित्राला ‘सुंदर’ म्हणण्याऐवजी ‘कमालीचं सुंदर’ म्हटलं, तेव्हा स्वतःविषयी आधीच कमी विश्वास असलेली मुलं पुढचं अवघड काम टाळू लागली. फुगवलेलं कौतुक आपण नेमकं अशाच मुलांसाठी राखून ठेवतो, हे यातलं दुखणं. सिअ‍ॅटलच्या अभ्यासातही मार्गदर्शकाच्या वागण्याचा सर्वांत खोल परिणाम याच मुलांवर दिसला होता, चांगल्या वागण्याचा चांगला आणि वाईटाचा वाईट. संघातल्या तरबेज खेळाडूला सर कसेही चालतात. कोपऱ्यात उभं राहून ‘माझ्याकडे चेंडू येऊ नये’ अशी देवाला विनवणी करणाऱ्या पोराला ते चालत नाहीत.

बक्षिसांचंही असंच आहे. १९७३ सालचा मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मानसशास्त्रात प्रसिद्ध आहे. बालवाडीतल्या ज्या मुलांना रंगीत मार्करनं चित्रं काढायला मनापासून आवडायचं, त्यातल्या काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर प्रमाणपत्र मिळेल. ते मिळालं. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांचा चित्रांतला रस बाकीच्यांच्या मानानं खूप घटलेला आढळला. ज्यांना बक्षीस अचानक मिळालं, त्यांचा रस टिकून होता. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे यातून एक उपयोगी भेद मांडला. बक्षीस जेव्हा ‘तू हे करावंस म्हणून’ येतं, तेव्हा ते लगामासारखं जाचतं. ‘तुला हे जमलं’ एवढंच सांगतं, तेव्हा ते बळ देतं. आपल्याकडे दहावी-बारावीला मिळणाऱ्या क्रीडा सवलत गुणांकडे या नजरेनं पाहायला हवं. गुणांमुळे घरच्यांनी मैदानाला परवानगी दिली, ही त्यांची खरी जमेची बाजू आहे आणि मी ती हलकी मानत नाही. पण गुणांसाठीच खेळायला पाठवलेलं मूल निकालाच्या दिवशी बूट काढून ठेवतं, यात नवल कसलं?

आता सगळ्यांत वजनदार आक्षेप. महाराष्ट्रात हा विषय काढला की दहा मिनिटांच्या आत कुणीतरी रमाकांत आचरेकरांचं नाव घेतं, आणि ते घेणं योग्यच आहे. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवरच्या निरोपाच्या भाषणात सचिन तेंडुलकरनं साऱ्या जगासमोर सांगितलं की एकोणतीस वर्षांत सर त्याला एकदाही ‘चांगला खेळलास’ म्हणाले नाहीत. तो सुस्तावेल अशी त्यांना भीती होती. सराव सोडून मोठ्या मुलांचा सामना पाहायला गेला म्हणून सरांनी ठेवून दिल्याची गोष्टही त्यानंच अनेकदा सांगितली आहे. मग कौतुक न करता, प्रसंगी हात उगारून जगातला सर्वांत मोठा फलंदाज घडत असेल, तर सिअ‍ॅटलच्या तक्त्यांचं काय करायचं? माझ्या मते आचरेकरांनी काय केलं नाही यावर आपण इतके भाळलो की त्यांनी काय केलं ते पाहायचंच राहिलं. अकरा वर्षांच्या सचिनला भाऊ अजित प्रथम शिवाजी पार्कवर घेऊन गेला, तेव्हा सरांच्या नजरेखाली तो बुजला आणि त्याला नीट खेळताच आलं नाही. अजितनं विनंती केली की त्याला आणखी एक संधी द्या, निघून गेल्यासारखं दाखवा आणि लांबून पाहा. सरांनी ते मानलं. नावाजलेल्या मार्गदर्शकानं एका अनोळखी पोराची भीती ओळखून स्वतः बाजूला होणं, यापेक्षा मोठं प्रोत्साहन कोणतं? पुढे याच सरांनी त्याला स्कूटरवर बसवून या मैदानावरून त्या मैदानावर सामने खेळायला नेलं. दमून गेलेल्या मुलाच्या यष्टीवर एक रुपयाचं नाणं ठेवलं: जो बाद करील त्याचं नाणं, आणि कुणीच करू शकलं नाही तर सचिनचं. अशी मिळवलेली तेरा नाणी सचिन आजही आपल्या मोलाच्या ठेव्यात मोजतो. डेसी-रायन यांच्या भाषेत हे लगाम घालणारं बक्षीस नव्हतं. थकलेल्या अवस्थेतही तुला बाद करणं सोपं नाही, एवढंच ते नाणं सांगत होतं. शब्दांची दाद दिली नसेल. वेळ, नजर आणि नवी नवी आव्हानं या रूपात ती दररोज दिली जात होती.

तेव्हा आचरेकरांकडून उचलायचं तर हे उचलावं. मौन आणि चापट उचलणं सोपं असतं आणि नेमकं तेच उचललं जातं. दुसरं असं की यशस्वी शिष्यांच्या आठवणींतून पद्धत सिद्ध होत नाही. कांबळी, आमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर, पोवार यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, कारण ते टिकले. कुठल्याही कडक शिस्तीच्या नेट्समधून, कुठल्याही तालमीतून जी मुलं पहिल्या दोन महिन्यांत गुपचूप घरी बसली, त्यांच्या आठवणी कुणी लिहून घेत नाही. त्यांच्यात किती गुणी होती, हे कधीच कळणार नाही. राहता राहिली शिस्त. शिस्त आणि अपमान या दोन गोष्टी एकाच पोत्यात भरायची आपली सवय आहे. सहा म्हणजे सहाला हजर, नखं कापलेली, कोपरापासून खांद्यापर्यंत अंग गरम केल्याशिवाय चेंडू टाकायचा नाही, भांडण केलं तर आजचा खेळ बंद: हे सगळं आवाज न चढवता करता येतं. उलट नियम आधी ठरलेले आणि सर्वांना सारखे असतील तर ओरडायची वेळच कमी येते. सिअ‍ॅटलच्या मार्गदर्शकांनाही शिस्त सोडा असं कुणी सांगितलं नव्हतं. नियम ठरवताना मुलांना सामील करून घ्या, एवढंच सांगितलं होतं.

पुढचा आक्षेप असा की खेळ म्हणजे स्पर्धा. जग काही पाठ थोपटत बसत नाही, तेव्हा मुलांना लहानपणापासून टक्के-टोणपे खाऊ द्यावेत, नाहीतर लाडावलेली पिढी तयार होईल. याला उत्तर म्हणून नॉर्वेकडे बोट दाखवता येईल. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७मध्ये मुलांच्या खेळासाठी नियमावली केली आणि २००७मध्ये ती मुलांच्या हक्कांच्या रूपात नव्यानं मांडली. त्यानुसार ११ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धांचे गुणतक्ते आणि क्रमवाऱ्या करायच्या नाहीत, तेराव्या वर्षापर्यंत राष्ट्रीय अजिंक्यपद नाही, आणि किती सराव करायचा यात मुलाचा शब्द मोलाचा. आपल्याकडच्या एखाद्या आठ वर्षांखालील राज्य करंडकाच्या आयोजकाला हे वाचून घाम फुटेल. सुमारे ५५ लाख लोकसंख्येचा हा देश २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदकं घेऊन गेला. तोवर एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये कुणीही इतकी सुवर्णपदकं मिळवली नव्हती. या नियमांमुळेच पदकं मिळाली असं म्हणणं मात्र अतिरेकाचं होईल. नॉर्वेजवळ बर्फ आहे, पैसा आहे, गावोगावचे क्लब आहेत, स्वयंसेवक पालकांची फौज आहे. पण एवढं नक्की म्हणता येतं की लहान मुलांना क्रमवारीपासून दूर ठेवल्यानं मोठेपणीचे विजेते तयार होणं थांबत नाही. टक्के-टोणपे मिळायला तेराव्या वर्षानंतरही आयुष्य पुष्कळ उरतं.

क्रमवारीची घाई नेमकी कुणाचं नुकसान करते, हेही ठाऊक असलेलं आहे. रॉजर बार्न्सली यांनी १९८५मध्ये कॅनडातल्या आइस हॉकीच्या संघांत एक विचित्र गोष्ट दाखवून दिली. वयोगटाची गणना १ जानेवारीपासून होत असल्यानं वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्या मुलांची गर्दी होती. दहाव्या वर्षी दहा-अकरा महिन्यांचा फरक म्हणजे उंची, ताकद आणि समज यांचा फरक. मार्गदर्शक त्याला गुणवत्ता समजतो, त्या मुलाला संघात घेतो, जास्त खेळवतो, जास्त शिकवतो आणि पाच वर्षांनी ते मूल खरोखरच सरस झालेलं असतं. आपल्याकडे यात खोट्या जन्मदाखल्यांची भर आहे. क्रिकेट मंडळाला मुलांच्या मनगटाच्या हाडांच्या चाचण्या कराव्या लागतात त्या उगाच नव्हेत. म्हणून बारा वर्षांखालच्या संघात ‘हा चमकणार, हा नाही’ असा निवाडा देऊन त्याप्रमाणे लक्ष वाटणारा मार्गदर्शक बऱ्याचदा जन्मतारखेला शाबासकी देत असतो. उशिरा वाढणारं मूल तोवर टिकलं पाहिजे, आणि ते टिकवण्याचं काम दुसरं कुणी करणार नाही.

कुणी म्हणेल, अमेरिकेतल्या उपनगरी मुलांचं आणि नॉर्वेतल्या सुखवस्तू पोरांचं आम्हाला काय? सांगली-कोल्हापूरकडच्या तालमीतला पोरगा हौसेखातर लाल मातीत उतरलेला नसतो. त्याच्या खुराकाला घरानं पदरमोड केलेली असते आणि त्याच्या अंगावर पोलीस भरतीचं, सैन्यदलाचं, खेळाडूंसाठीच्या राखीव नोकरीचं स्वप्न असतं. हा आक्षेप मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. इथे ‘मजा म्हणून खेळ’ असं सांगणं हे भरल्या पोटाचं बोलणं ठरेल. पण ज्याच्यावर इतकं ओझं आहे त्याला मैदानावर आणखी धाक लागतो, हा निष्कर्ष यातून कसा निघतो? चुकीचा डाव टाकायला घाबरणारा मल्ल नवा डाव शिकत नाही; जुन्या दोन डावांवर जिल्ह्यापर्यंत पोचतो आणि तिथे अडतो. अनुभवी वस्ताद हे ओळखतात, म्हणूनच ते नवा डाव आधी हलक्या जोडीदाराबरोबर घोटून घेतात. ज्याचं पोट खेळावर आहे त्याला तर नेमक्या सूचनेची गरज हौशी पोरापेक्षा जास्त आहे, कारण त्याच्याजवळ वाया घालवायला वर्षं नाहीत.

मुलं मार्गदर्शकामुळेच गळतात असंही नाही, हे मान्य केलंच पाहिजे. दहावी येते, क्लास लागतात, मैदान लांब असतं, मैदानाजवळ मुलींसाठी धड स्वच्छतागृह नसतं, सातवी-आठवीनंतर घरचे मुलीला संध्याकाळी बाहेर सोडत नाहीत. यातलं काहीच सरांच्या हातात नाही. शिवाय शाळेत पीटीच्या एका शिक्षकाकडे शेकडो मुलं असतात. प्रत्येकाचं मनगट कुणी बघायचं? त्यावर एवढंच सांगता येईल की चुकीनंतरचं वाक्य बदलायला जास्तीचा वेळ लागत नाही. ‘डोळे कुठे होते?’ आणि ‘चेंडू हातात येईपर्यंत बघ’ ही दोन्ही वाक्यं म्हणायला सारखीच सेकंदं लागतात. वेळ लागतो तो स्वतःचं ऐकण्यासाठी. सिअ‍ॅटलनं दाखवलं की ते कुणालाच आपणहून जमत नाही. त्याला उपाय स्वस्त आहे. जायबंदी होऊन कडेला बसलेल्या एखाद्या मोठ्या मुलाच्या हाती वही द्यावी आणि तासभरात सर कुणाकुणाशी काय बोलले, त्याच्या रेघा मारायला सांगाव्यात. कुणाच्या नावापुढे एकही रेघ पडली नाही, ते पाहिलं तरी पहिल्या दिवसाचं काम झालं. मोबाइलवर स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करून घरी ऐकणं हा त्याहून सोपा आणि त्याहून अप्रिय मार्ग.

पण व्यवस्था मार्गदर्शकाकडून हे मागतच नाही. द्रोणाचार्य पुरस्कारासाठी शिष्यांची पदकं पाहिली जातात, आणि वरच्या पातळीवर तेच योग्य आहे. तोच मापदंड झिरपत खाली दहा वर्षांखालच्या शिबिरापर्यंत येतो, तिथे बिघडतो. अकादमीच्या पत्रकावर झळकतात ती चमकलेली तीन-चार मुलं. हजेरीपट मात्र प्रत्येक शिबिरात असतो. दोन वर्षांपूर्वीच्या जूनमधली नावं आणि या जूनमधली नावं शेजारी ठेवली तर किती उरली, गळाली ती कोणत्या वयात, मुली किती, आणि सगळी एकाच सरांच्या तुकडीतली तर नाहीत ना, हे अर्ध्या तासात दिसेल. शाळेनं ते वर्षाअखेरीस पाहावं. जिल्हा संघटनेनं संलग्न क्लबांकडून मागवावं. आणि अकादमीत नाव घालायला गेलेल्या पालकांनी करंडकांच्या कपाटासमोर उभं राहून फीचा आकडा विचारताना हेही विचारावं की गेल्या वर्षी इथे आलेल्या मुलांपैकी यंदा किती आहेत.